कोहाबोडी स्टेशनवरचा चारचा ठोका

मित्रांनो, कोहाबोडी स्टेशनवर उतरलात तर मी तुम्हाला लगेच दिसणार नाही. फलाटावर निळ्या खुर्च्या आहेत, गाडीची वेळ सांगणारी लाल अक्षरांची पाटी आहे, पाण्याचे नळ आहेत. मी तिथे नाही. बत्तीघराला, म्हणजे कंदील ठेवायच्या खोलीला, वळसा घालून मागे, शेतांच्या बाजूला गेलात, तर भिंतीतल्या कडीला साखळीने टांगलेला हातभर लांबीचा गंजका तुकडा दिसेल. तो मी. जुन्या रुळाचा तुकडा. टांगलेला असलो तरी मी स्वस्थ नसतो. मालगाडी गेली की थरथरतो. वारा सुटला की भिंतीला घासतो. आणि दुपार कलू लागली की माझ्यात एक हुरहूर सुरू होते, ती चार वाजेपर्यंत जात नाही. असे का होते ते सांगायचे तर आधी या स्टेशनची गोष्ट सांगावी लागेल, आणि मग खुशालची.

मी नेहमीच तुकडा नव्हतो. दूरच्या पोलाद कारखान्यात लालबुंद लोखंडातून मला ओढून लांब केले होते. मग जंगलातून टाकलेल्या लहान लाईनवर, लाकडी स्लीपरांवर, मला ठोकून बसवले. त्या लाईनवरची गाडीही लहान होती. लोक तिला छोटी गाडीच म्हणत. चढ आला की ती इतकी हळू होई की तरणी पोरे खाली उतरून टेंभरे, म्हणजे तेंदूची फळे, वेचत आणि धावत येऊन पुन्हा डब्यात चढत. ड्रायव्हर ओरडे, पण गाडी थांबवत नसे. थांबवली तर ती पुन्हा निघेल याची त्यालाच खात्री नसे.

तेव्हा कोहाबोडीचे स्टेशन म्हणजे एक कौलारू खोली, एक खिडकी आणि एक विहीर. पण सगळ्या मुलखाचे जाणे-येणे त्या खिडकीपाशी होई. बांबू जाई, मोहफुलांची पोती जात, तेंदूपत्ता जाई. तलावातल्या मासळीच्या टोपल्या पाणी गाळत जात आणि मागे डब्यात वास ठेवून जात. शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेची माणसे इथे उतरून एसटी धरत. दसऱ्याच्या सुमाराला पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया कडेवर पोर आणि हातात भाकरीचे गाठोडे घेऊन नागपूरला दीक्षाभूमीकडे निघत. दुखणाईत माणूस बाकावर आडवा पडून गाडीची वाट बघे. नव्या नवऱ्या इथेच उतरत. वच्छलाही इथेच उतरली. खुशाल तेव्हा स्टेशनवर पॉइंट्समन म्हणून नवा लागला होता. लग्न करून बायकोला घेऊन उतरला आणि तिला बाकावर बसवून तसाच झेंडी दाखवायला धावला, कारण ड्युटीवरचा माणूस जेवायला गेला होता. वच्छला पुढे कितीतरी वर्षे ते सांगून त्याला चिडवत असे. म्हणे, माझी वरात झेंडीने आली.

मग मोठी लाईन आली. लहान रूळ उखडले गेले. माझे सगळे भाऊबंद मालडब्यांत भरून भंगारात गेले. स्टेशनवरची पितळी घंटा त्याच गडबडीत कुठे गेली ते कोणालाच कळले नाही. तेव्हा एका लोहाराने मला हातभर कापले, वर भोक पाडले आणि फलाटाच्या खांबाला टांगले. मला वाजवायला जुन्या लाईनचा एक जाड बोल्ट ठेवला. गाडीने मागचे स्टेशन सोडले की खुशाल येई आणि मला सावकाश, दम घेत ठोके देई. मग खिडकीपाशी गडबड उडे, बाया पोरांना हाका मारत, म्हातारे धोतर सावरत उठत. मला ते फार आवडे. कापला गेलो याचे दुःख मी विसरलो.

आता पुढचे नीट ऐका.

स्टेशनच्या पलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेते, आहेत. पावसाळ्यात तिथे रोवणा चालतो. रोवणा म्हणजे धानाची लावणी. बाया ओळीने वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, चिखलात खोचत मागे मागे सरकतात. या बाया जंगलापलीकडच्या कुसुमटोल्याहून येतात. येताना-जाताना तासाभराची वाट, सगळी झाडीतून. शेतमालकांशी त्यांचे बोलणे ठरलेले असे. चारची गाडी आली की काम बंद. घड्याळ कोणाकडे नव्हते. आता मोबाईल आहेत, पण गुडघाभर चिखलात मोबाईल घेऊन कोण उतरतो? तो धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, डब्याजवळ पिशवीत असतो, आणि मालकाचा मोबाईल नेहमी थोडा मागेच असतो, असे बायांचे म्हणणे. गाडीवर मात्र दोघांचाही विश्वास होता. माझा ठोका ऐकू आला की बाया कंबर सरळ करत, हात धूत आणि उजेडात घरी पोचत.

पण गाड्यांना उशीर होऊ लागला. मोठ्या लाईनवर मालगाड्या वाढल्या. चारची गाडी कधी पाचला, कधी दिवेलागणीला येऊ लागली, आणि मालक म्हणत, गाडी कुठे आली अजून? अशाच एका दिवशी बाया अंधार पडता पडता निघाल्या आणि वाटेवर वाघ बसलेला पाहून धावत स्टेशनवर परत आल्या. रात्र त्यांनी वेटिंग रूममध्ये काढली. त्यांत एक बाळंतीण होती. तिचे पोर घरी भुकेले होते. तिचे नाव बुधरी. ती रडत नव्हती, नुसती भिंतीला टेकून बसली होती आणि तिचे पोलके दुधाने ओले झाले होते. वच्छलाने तिला आपले लुगडे दिले आणि सकाळ होईपर्यंत तिच्याजवळ बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता वच्छला क्वार्टरमधून निघाली, फलाटावर आली, तो बोल्ट उचलला आणि मला ठोके देऊ लागली. गाडीचा पत्ता नव्हता. तेव्हाचे मास्तर धावत बाहेर आले. त्यांनी तिला सांगितले की हा ठोका गाडीसाठी असतो. वच्छलाने हात थांबवला नाही.

ती म्हणाली, "तुमची गाडी उशिरा आली त चालते साहेब. वाघ उशिरा येत नाई."

मास्तर खुशालकडे बघू लागले, खुशाल रुळाकडे बघू लागला. तेवढ्यात शेतातून आवाज आला. लांब, बारीक, एकीने सुरू केलेला आणि मग साऱ्याजणींनी उचललेला. हो sss. बायांनी ठोका ऐकला होता आणि ऐकला म्हणून सांगत होत्या. मास्तर आत गेले. त्यानंतर त्यांनी आणि त्यांच्यामागून आलेल्या कोणीच वच्छलाला अडवले नाही.

तसा रिवाजच पडला. गाडीचे ठोके खुशाल देई, चारचा ठोका वच्छला देई. हाळी येईपर्यंत ती थांबत नसे. वारा उलटा असला तर तिचे हात भरून येत, तरी वाजवी. हाळी आली की बोल्ट खिळ्याला अडकवून घरी जाई आणि चहा ठेवी. बोल्टची मूठ हाताला लागे म्हणून तिने तिला लुगड्याची हिरवी पट्टी गुंडाळली होती. आणखी एक गोष्ट तिने सुरू केली. रुळावरून गस्त घालणारे गँगमन कधी खबर आणत, अमक्या नाल्यावर वाघ दिसला. मग ती वेळ न बघता मला भराभरा, न थांबता वाजवी. हा ठोका वेगळा होता. तो ऐकला की बाया हातातले टाकून स्टेशनकडे येत, गुराखी ढोरे वळवत, शाळेतल्या पोरांना गुरुजी आत घेत. हा ठोका क्वचितच वाजे. पण त्याचा अर्थ साऱ्या गावाला पाठ होता.

पुढे भोंगा बसला. आता एक बाई तीन भाषांत गाडी सांगते आणि उशीर झाला तर खेद व्यक्त करते. गाडीसाठी माझी गरज उरली नाही. खुशाल रिटायर झाला आणि लाईनच्या अलीकडे त्यांनी दोन खोल्यांचे घर बांधले. फलाट उंच झाला, पूल झाला, नवे संडास झाले आणि त्यांना कुलूपही लागले. माझ्यावर रंगाचा एक हात सुद्धा कोणी दिला नाही. तरी मला काही वाटत नव्हते. चार वाजता वच्छला येत होती.

मागच्या उन्हाळ्यात ती गेली. ताप आला. उतरेना, म्हणून सकाळच्या गाडीने खुशाल तिला चंद्रपूरला घेऊन निघाला. जाताना तिने मला हात लावला. लोखंड उन्हाने तापलेले होते, तिचा हात त्याहून गरम होता. जाताना ती गाडीने गेली. परत आली ती मोटारीने, आणि ती मोटार स्टेशनवर आली नाही. थेट घरी गेली.

पुण्यानुमोदन झाले, पाहुणे पांगले, आणि खुशाल स्टेशनवर येऊ लागला. सकाळी येई, दुपारी येई. बाकावर बसे, लगेच उठे. फलाटाच्या टोकापर्यंत जाई, तिथे काही नसे, मग परत येई. एखादी मालगाडी आली की जुन्या सवयीने त्याचा हात झेंडीसाठी उठे आणि मग डोके खाजवून खाली येई. घरात त्याला बसवत नव्हते. घरात चहाचे भांडे जिथल्या तिथे होते, तेच त्याला बघवत नव्हते. तो चहा स्टेशनबाहेरच्या टपरीवर घेऊ लागला आणि अर्धा टाकून देऊ लागला. त्याची मुलगी रीना गडचिरोलीला सरकारी दवाखान्यात नर्स आहे. ती रोज फोन करी. बाबा, इकडे या म्हणे. तो म्हणे, तिकडे गाडी नाई.

मग पाऊस झाला, नांगर फिरले आणि रोवणा लागला. बाया आल्या. पहिल्या दिवशी चार वाजले. मी वाट पाहिली. खुशाल माझ्यासमोर उभा होता. त्याने बोल्ट हातात घेतला, हिरव्या पट्टीवर अंगठा फिरवला आणि परत खिळ्याला अडकवला. मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, मी त्याला काय सांगणार? ठोका द्यायला त्याला ताकद कमी नव्हती. पण ठोका दिला तर हाळी येईल, आणि हाळी ऐकून घरी जाऊन चहा ठेवणारी आता नव्हती. हे त्याला सोसणार नव्हते.

गाडी त्या दिवशी दिवेलागणीला आली. तोवर बाया चिखलात होत्या. त्या घाईघाईने स्टेशनवरून गेल्या, हातात काठ्या, एकमेकींना चिकटून. बुधरी पुढे होती. ती आता त्या साऱ्यांची म्होरकी आहे. जाता जाता तिने माझ्याकडे पाहिले, खुशालकडे पाहिले आणि पुढे गेली. रोज असेच होऊ लागले. रोज तो बोल्ट उचले आणि ठेवून देई. रोज बाया अंधारात जात. त्याला ते दिसत होते, आणि रात्री झोप येत नव्हती, कारण नाल्याकडे वाघाचे ठसे आहेत असे गँगमन बोलत होते.

मग तो दिवस आला. आभाळ भरून होते. बायांची जेवणे होऊन थोडाच वेळ झाला असेल. रीनाचा फोन आला की रविवारी येते, तुमचे कपडे भरून ठेवा, तिथे आता काय राहिले आहे. फोन खिशात टाकून खुशाल तरातरा फलाटावर आला. इकडे गेला, तिकडे गेला. भोंगा चारची गाडी उशिरा असल्याचे आत्तापासूनच सांगत होता. त्याने बोल्ट काढला आणि मला एक ठोका दिला.

कितीतरी दिवसांनी मी बोललो. माझा आवाज मलाच मोठा वाटला. खुशाल थांबून ऐकत राहिला. हाळी आली नाही. त्याने पुन्हा ठोका दिला, मग पुन्हा. हाळी येत नाही, म्हणून तो आणखी जोरात, आणखी भराभर वाजवू लागला. त्याचे गाल ओले झाले होते. तो थांबत नव्हता. मला कळत होते की हा चारचा ठोका राहिलेला नाही, हा दुसराच झाला आहे. पण माझ्या हाती काय होते? हाळी कशी येणार? बाया पळत होत्या.

पळतच त्या फलाटावर आल्या, चिखलाने भरलेल्या, काहींच्या हातांत पऱ्ह्यांच्या जुड्या तशाच. पलीकडच्या बांध्यांतल्याही आल्या. गुराखी ढोरे घेऊन थेट मालधक्क्यावर चढले. शाळेची दारे बंद झाली. कोणी फोन केला होता म्हणून वनरक्षक फटफटीवर आला आणि फलाटावरच ठसे शोधू लागला.

बुधरीने खुशालचा हात धरला तेव्हा तो थांबला.

"कुठी हाय भाऊ? कोनत्या वाटेनं?"

"कुठीच नाई," खुशाल म्हणाला.

"मंग वाजवलं काऊन?"

"मले थांबता नाई आलं, बाई."

कोणी हसले नाही. बुधरीने त्याच्या हातातला बोल्ट सोडवून खिळ्याला अडकवला आणि बायांना चला म्हणाली. आता परत शेतात जायला कोणाचे मन होईना. त्या घरी गेल्या.

पाठोपाठ लोकेश आला. ज्याच्या शेतात त्या बाया होत्या तो. तरुण शेतकरी आहे, माणूस वाईट नाही, पण रोवण्याच्या दिवसांत त्याला कोणाची ओळख राहत नाही. त्याने उपटून ठेवलेले पऱ्हे चिखलात लोळत होते.

"खुशालभाऊ, तुमचं दुःख मले समजते," तो म्हणाला, "पन माह्या धानानं तुमचं काय केलं?"

खुशालने मान खाली घातली. लोकेशने तिथूनच कुठे वरपर्यंत फोन लावला. संध्याकाळपर्यंत स्टेशन मास्तर सुरेंद्र यांना वरून फोन आला की फलाटावरून तो रुळाचा तुकडा काढा, लोकांत घबराट होते. सुरेंद्र मास्तर वरोऱ्याकडचे. त्यांना ते बरे वाटले नाही, पण हुकूम तो हुकूम. माझी साखळी सोडली आणि मला बत्तीघरात, मोडक्या कंदिलांच्या आणि गंजक्या पत्र्यांच्या ढिगात ठेवले. दार बंद झाले. तुम्हाला वाटेल, लोखंडाला काय, इथे काय न् तिथे काय. पण टांगलेल्या लोखंडाला आवाज असतो. जमिनीवर टेकले की तो जातो. रात्रभर मालगाड्या गेल्या, जमीन हादरली, मी नुसता खडखडलो. चार कधी वाजतील हेही आता मला कळणार नव्हते. मग हेच भंगार एक दिवस लिलावात जाणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया जंगलातून आल्या. पण शेताकडे वळल्या नाहीत. सरळ फलाटावर आल्या आणि निळ्या खुर्च्यांवर बसल्या. डबे मांडीवर. बत्तीघराला एक मोडकी खिडकी आहे, तिच्यातून मला हे दिसत होते. सुरेंद्र मास्तर बाहेर आले. म्हणाले, कुठे जायचे आहे? बुधरी म्हणाली, चारच्या गाडीनं. ती तर संध्याकाळी आहे, मास्तर म्हणाले. मंग तोवर बसतो, ती म्हणाली. मास्तर म्हणाले, बसायचे तर तिकीट लागते. बुधरी म्हणाली, द्या ना साहेब, कुठलं बी द्या, आमी कुठी कधी गेलो नाई, तुमीच ठरवा. बाया पदराआड हसू लागल्या. मास्तर परत आत गेले.

खुशाल रोजच्यासारखा आला आणि बायांना पाहून फलाटाच्या पायरीवरच थबकला. त्याने मनाशी ठरवून टाकले होते. रविवारी रीनाबरोबर निघून जायचे. इथे आता आपल्यामुळे त्रासच व्हायचा. तो मागे वळणार तोच बुधरीने त्याला हाक मारून जवळ बसवले. तो उठायला लागला. तिने त्याला पुन्हा बसवले.

दुपार होता होता लोकेश आला. बाया शेतात नाहीत, दुसऱ्या गावच्या बाया मिळत नाहीत, आणि पऱ्हे चार दिवस राहिले तर म्हातारे होतात, मग धान फुटत नाही. आल्या आल्या त्याने आवाज चढवला. बुधरीने त्याला एवढेच सांगितले की गाडीचा भरवसा नाही, ठोका तूच काढायला लावलास, आता आम्ही कशावर निघायचे ते तू सांग. लोकेशने मोबाईल दाखवला. म्हणाला, यावर चार वाजले की मी सांगीन. त्यावर अख्खी रांग हसली. एक म्हातारी म्हणाली, बापू, तुह्या मोबाईलात चार वाजतच नाई, साडेतीनाचे थेट सहा होतेत. लोकेशलाही हसू आले. ते लपवायला तो मास्तरांच्या खोलीत गेला.

सुरेंद्र मास्तर त्याला म्हणाले, "काढा म्हणून फोन तूच केला होता ना?"

"काढा म्हनलं होतं. फेका नव्हतं म्हनलं."

मास्तरांनी खिडकीतून बाहेर पाहिले. मग म्हणाले, हुकूम फलाटावरून काढायचा आहे. बत्तीघराची मागची भिंत काही फलाट नाही. आणि शेत तर त्याच बाजूला आहे.

लोकेशने स्वतः शिडी धरली. मला मागच्या भिंतीला टांगले आणि शेजारी खिळा ठोकून बोल्ट अडकवला. जमिनीवरून सुटलो तसा मी साखळीला एकदा गर्रकन फिरलो आणि समोर हिरव्या बांध्या पाहिल्या. इतकी वर्षे मी रुळांकडे तोंड करून होतो. ज्या शेतासाठी वाजत होतो ते मी पहिल्यांदा पाहिले.

पण वाजवणार कोण? बायांनी खुशालकडे पाहिले. त्याने मान हलवली.

"मले नका सांगू. माह्या हातानं पुन्हा तसंच होईन."

बुधरी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिचे केस आता पिकले आहेत. तेव्हा घरी भुकेले राहिलेले तिचे पोर आज ट्रॅक्टर चालवते.

"होऊ दे ना भाऊ," ती म्हणाली. "खोटा वाजला त आमी चालत घरी जाऊ, दुसरं काय? वाजलाच नाई, तवा आमी काय करावं?"

बाया उठल्या आणि शेताकडे निघाल्या. त्याच्या उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत. लोकेश त्यांच्यामागून. खुशाल माझ्यासमोर एकटा राहिला. तो बसला नाही. बत्तीघराच्या भिंतीला लागून येरझारा घालू लागला. बोल्टवरची हिरवी पट्टी सैल झाली होती. ती त्याने उलगडली आणि पुन्हा घट्ट बांधली. दोनदा घराकडे जायला निघाला आणि दोनदा परतला. आत भोंग्यावरची बाई खेद व्यक्त करत होती. मला वाटत होते, साखळी तुटून मीच भिंतीवर आपटावे.

मास्तरांच्या खोलीतल्या घड्याळाने चार दाखवले. मास्तर खिडकीशी आले.

खुशालने ठोका दिला. सावकाश. दम घेतला. पुन्हा दिला. घाई त्याने केली नाही. वारा उलटा होता. हाळी आली नाही. त्याचा श्वास फुलला आणि मला त्या दिवसाची आठवण आली. मला भीती वाटली की आता हा भराभर वाजवणार. त्याने बोल्ट छातीशी धरला, डोळे मिटले, आणि पुन्हा तसाच एक सावकाश ठोका दिला.

मग शेतातून आवाज आला. बुधरीचा, आणि मागोमाग सगळ्यांचा. हो sss.

खुशाल तिथेच उभा राहिला. बाया उजेडात रूळ ओलांडून गेल्या, जाता जाता एकीने त्याच्या हातात रानातली करटोली ठेवली, बुधरी नुसती हसली. त्या झाडीत दिसेनाशा झाल्यावर त्याने बोल्ट खिळ्याला अडकवला आणि घरी गेला. थोड्या वेळाने त्याच्या घरातून धूर निघाला. चहा ठेवला असावा. रविवारी रीना आली. तिला त्याने स्टेशनच्या मागे आणून उभे केले, चार वाजता. मग म्हणाला, रोवणा होऊ दे, बाई. मग धान कापणं हाय. मग पाहू. परत जाताना तिने बोल्टवरच्या पट्टीला हात लावला.

खुशाल अजूनही दिवसभर फिरतो. बाकावर बसतो आणि उठतो. त्याची तगमग गेलेली नाही, माझीही नाही. फक्त तिला आता एक वेळ आहे.

मित्रांनो, स्टेशनवरच्या वस्तू कोणाच्या आहेत असे तुम्हाला वाटते? त्या पडून असतात म्हणून बिनकामाच्या नसतात. माझ्याकडे या, मला हात लावा, किती जुना आहे ते बघा. पण गंमत म्हणून मला दगड मारू नका, काठी मारू नका. तुम्ही हसाल, आणि तिकडे चिखलात वाकलेली एक बाई हातातले पऱ्हे टाकून पळत सुटेल. तुमच्या गाडीला उशीर असला तर चारपर्यंत थांबा. खुशाल येईल. त्याचे ठोके संपले की थोडा वेळ बोलू नका. शेतातून हाळी येते, आणि ती ऐकल्याशिवाय तो जागचा हलत नाही.